हाफ मॅच

तुम्ही हे हॉस्पिटलच्या खोलीत वाचत असाल, तर आधी पलंग खिडकीकडे वळवून घ्या. सिस्टर नको म्हणतील, वायरी पुरत नाहीत म्हणतील, तरी विनंती करून बघा. मला वळवून मिळाला होता आणि माझं निम्मं आजारपण त्या खिडकीतच गेलं. बाकीचं निम्मं झोपेत गेलं. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यातलं काय घडलं आणि काय स्वप्नात पाहिलं, याची खात्री मला प्रत्येक वेळी देता येणार नाही. औषधंच तशी होती.

मी फुटबॉल खेळतो. हौस म्हणून नाही, पोटासाठी. पिंपरीचा माणूस पोटासाठी फुटबॉल खेळतो म्हटलं की लोक आधी माझ्या केसांकडे बघतात, मग रंगाकडे, आणि मग सगळं समजल्यासारखी मान हलवतात. माझे बाबा पिंपरीचे, आई टांझानियाची. तिच्या समुद्रकाठच्या गावाचं नाव टांगा आहे. हसू नका, खरंच आहे. तिथून ती पुण्याला बी.कॉम. करायला आली, सांगवीत खोली घेऊन राहिली, आणि शेजारच्या गल्लीतल्या एका फिटरने तिचा बंद पडलेला पंखा दुरुस्त करून दिला. पंखा त्यानंतर बऱ्याच वेळा बंद पडला, असं बाबा सांगतात. आईचं नाव नीमा. तिकडे त्याचा अर्थ कृपा असा होतो. आमच्याकडे ते कुणाला परकं वाटलंच नाही, म्हणून लग्नात नाव बदलायचा प्रश्न आला नाही. आई आता मराठीत भांडते, मराठीत भाजीचा भाव करते. फक्त तिच्या भाषेत पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं, ते तिने आपल्याकडचंही कधी मनावर घेतलं नाही. माझ्या पहिल्या मॅचपासून ती मैदानाबाहेरून ओरडत आलीय, "माझी पोरगा! माझी पोरगा!"

सांगवीच्या मैदानावरून सुरुवात झाली. मग कंपन्यांच्या लीग, मग पुणे, गोवा, कोलकाता, ईशान्येकडचं एक थंड शहर. माझी जागा डाव्या बगलेची. गोव्यात एकदा समोरच्या टीमने तक्रार केली की यांच्याकडे एक परदेशी खेळाडू जास्त आहे. पंच माझ्याजवळ येऊन इंग्रजीत चौकशी करायला लागले. मी म्हटलं, "साहेब, मी पिंपरीचा हाय." पंच सोलापूरचे निघाले. ते इतके हसले की तोंडातली शिट्टी पडली.

पुढे आईच्या देशातून निरोप आला, पासपोर्ट बदललास तर आमच्या देशाकडून खेळवू. मी बरेच दिवस विचार केला आणि नाही म्हणालो. इकडच्या संघाचं बोलावणं येईल अशी आशा होती. ते आलं नाही. याचं वाईट वाटतं, अजूनही वाटतं. पण दर शनिवारी कुठल्यातरी शहरात बूट बांधून उतरायचं आणि त्याचा पगार घ्यायचा, एवढं माझ्याकडे होतं आणि तेवढ्यावर मी खूश होतो.

लॉकआउट

सीझन संपवून घरी आलो तेव्हा आमच्या चिंचवडच्या घराचा जिना चढताना मला मध्येच थांबावं लागलं. मी कठड्याला धरून उभा, आणि शेजारच्या काकू भाजीची पिशवी घेऊन माझ्या बाजूने वर गेल्या. मांड्यांवर निळे डाग होते, पण आमच्या धंद्यात पायांवर डाग नसले तर माणूस बेंचवर बसून आला असं समजतात. त्यामुळे क्लबमध्ये त्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. आईने पाहिलं. "हे तुझी रंग नाही," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी मला रक्त तपासायला घेऊन गेली.

लॅबवाल्याचा फोन आला की मशीन बिघडलेलं दिसतंय, परत या. आम्ही परत गेलो. मशीन ठीक होतं.

मग मोठ्या हॉस्पिटलमध्ये गेलो. तिथे कमरेच्या हाडातून सुईने काहीतरी काढलं, त्याबद्दल लिहीत नाही, तुम्हाला माहीत असेल किंवा लवकरच कळेल. निदानाच्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टर मॅडमसमोर बसलो होतो. मॅडम माझ्याहून लहान असतील. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया, आणि आमचे चेहरे बघून सोपं करून सांगायला लागल्या.

"हाडांच्या आत रक्त तयार होतं. तो एक कारखाना आहे असं समजा. याचा कारखाना बंद पडलाय."

बाबा एकदम ताठ बसले. त्यांची सगळी नोकरी एका कंपनीत गेली आणि शेवटची काही वर्षं युनियनच्या कमिटीत. त्यांनी विचारलं, "मॅडम, लॉकआउट हाय का क्लोजर?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

"म्हंजी कसं," बाबा खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "लॉकआउटमधी गेटला कुलूप असतंय, मशिनी आतच असत्यात. बोलणी होत्यात, कुलूप निघतंय. क्लोजर म्हंजी मशिनी भंगारात. मग किती बी मोर्चे काढा."

मॅडम हसल्या नाहीत, म्हणून मला त्या तिथेच आवडल्या. त्यांनी खरंच थोडा विचार केला. "सध्या लॉकआउट म्हणूया," त्या म्हणाल्या.

"मग बोलणी करू," बाबा म्हणाले.

मी एकच प्रश्न विचारला, मला परत खेळता येईल का. मॅडम म्हणाल्या, आधी जगायचं बघू. त्या सरळ बोलल्या याबद्दल आज मी त्यांचा आभारी आहे. त्या दिवशी मात्र मला संताप आला. खेळायचं नसेल तर जगून नेमकं करायचं काय, हे मला ठाऊक नव्हतं, आणि हे आईसमोर बोलणंही शक्य नव्हतं. परत येताना आम्ही तिघं रिक्षात मागे दाटीवाटीने बसलो, रिपोर्टची फाइल आईच्या मांडीवर.

पंचेचाळीस मिनिटं

औषधांनी कुलूप निघालं नाही. मग दुसऱ्या कुणाचा तरी मगज, म्हणजे हाडातला गर, मला द्यायचा असं ठरलं. त्यासाठी जुळणारा माणूस लागतो. सख्खी भावंडं नाहीत, मी एकुलता एक. मग बाहेर शोध सुरू झाला, आणि तिथे एक गोष्ट कळली जी आयुष्यभर मी चेष्टेवारी नेत आलो होतो. माझ्याशी जुळायला माणूस अर्धा मावळाकडचा आणि अर्धा टांगाकडचा लागणार. असा माणूस देशात सापडला नाही, आणि परदेशातही नाही.

बाबांची बहीण, मंदाआत्या, निगडीला राहते. शाळेत शिक्षिका होती. मला तिने अंगाखांद्यावर खेळवलंय. ही बातमी ऐकून ती हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाबांना म्हणाली, "दादा, वाईट वाटून घेऊ नकोस, पण एवढ्या लांबची दोन रक्तं. जुळायची कशी?" आई कोपऱ्यावर चहाचे कप घेऊन उभी होती. तिने सगळ्यांना चहा दिला, आत्यालाही दिला. त्यानंतर बरेच दिवस ती घरात मराठी बोलली नाही. फक्त माझ्याशी, तेही तिच्या भाषेत, आणि हळू.

अशात एका संध्याकाळी बाबांना मॅडमचा फोन आला. बाबा गॅलरीत जाऊन बोलले आणि परत आले ते वेगळेच माणूस होऊन. त्यांनी लगेच आत्याला फोन लावला.

"मंदे, चांगली बातमी. मॅडम म्हणाल्या हाफ मॅच होईल. हां, हाफ. अगं पूर्ण न्हाई म्हणाल्या, पण अर्धी तर अर्धी! पंचेचाळीस मिनिटं खेळला तरी लई झालं की."

मला त्या संध्याकाळबद्दल सांगायचंय. मी पलंगावर पडून होतो, अंगात ताप, आणि मी तरंगत होतो. अर्धी मॅच. मी मनात सगळं बसवलं. पहिला अर्धा वेळ बाहेर बसायचं, समोरचा उजवा बचावपटू दमू द्यायचा आणि मग उतरायचं. कितीतरी चांगले खेळाडू शेवटी असंच खेळतात. मी डोळे मिटून साइडलाइनला पाय मोकळे करत होतो, पंच माझ्या बुटांचा तळ तपासत होते, बोर्डावर माझा नंबर हिरव्या दिव्यात लागला होता. आई स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणत होती. इतकी गोड संध्याकाळ मला आजारपणात दुसरी आठवत नाही.

सकाळी आम्ही पेढे घेऊन गेलो. मॅडम पेढ्यांकडे बघत राहिल्या. बाबा म्हणाले, "तुम्हीच म्हणाला न्हवं, हाफ मॅच खेळंल म्हणून."

"काका," मॅडम सावकाश म्हणाल्या, "हाफ मॅच म्हणजे तुम्ही. किंवा आई. आईवडील मुलाशी अर्धे जुळतात. दोघांपैकी एकाचं घेऊन करता येईल असं म्हणाले मी."

 मग आई हसायला लागली. पदराने तोंड दाबून, खांदे हलवत, आणि हसता हसता रडायला लागली. बाबा चिडले. "मला काय म्हाईत? पोरगा फुटबॉल खेळतोय, डॉक्टर मॅच म्हणतोय, माणूस काय समजंल?" मी दोघांकडे बघत होतो आणि माझी पंचेचाळीस मिनिटं हवेत विरत होती. पण आई कितीतरी दिवसांनी मराठीत बोलली होती. ती म्हणाली, "अहो, तुम्ही पण ना, एकदम वेडी आहे."

मग दोघांचं जुंपलं. मी देणार, नाही मी देणार. इतके जोरात की बाहेरच्या पेशंटांनी दार ढकलून बघितलं. बाबा बाप म्हणून हक्क सांगत होते, आई तिचं वय कमी म्हणून. निकाल तपासणीत लागला. बाबांच्या हृदयातच अडथळा निघाला, इतका की आधी त्यांनाच ॲडमिट केलं. माझ्यासाठी तपासणी झाली नसती तर तो कळलाही नसता, असं मॅडम म्हणाल्या. लोक याला दैव म्हणतात. बाबांना मात्र ते पटलं नाही. पलंगावर पडल्या पडल्या ते मला म्हणाले, "बाप असून रगत चाललं न्हाई रं माझं." मी त्यांचा हात धरला. 

खिडकी

आयसोलेशनच्या खोलीत दोन दारं असतात आणि दोन्ही एकदम उघडत नाहीत. आत यायला मोजकी माणसं, तीही डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली. मी माणसं डोळ्यांवरून ओळखायला शिकलो. सकाळी रक्त घेतात, मग पुसतात, मग गोळ्या, मग तोंड धुवायचं औषध, मग झोप. केस गळाले ते उशीवरून झटकायला वॉर्डच्या मावशी यायच्या. एवढे दाट केस, म्हणून हळहळायच्या.

खिडकीतून हायवे दिसायचा. चाकणकडून नव्या गाड्या लादलेले लांबच लांब ट्रेलर यायचे, गाड्यांवर पांढरं प्लॅस्टिक, आणि ऊन पडलं की ते सगळे एकदम चमकायचे. आवाज आत येत नव्हता. औषधाच्या गुंगीत ते मला हळूहळू वाहत चालल्यासारखे दिसायचे. कधी रस्त्यावरून, कधी पाण्यावरून.

कारण स्वप्नात तिथे पाणीच होतं. एक मैदान, आणि त्याच्या डाव्या साइडलाइनला लागून समुद्र. बॉल बाहेर गेला की ओला होऊन परत यायचा. काठावर चटई टाकून दोन म्हाताऱ्या तांदूळ निवडत बसलेल्या. एक माझी टांगाची आजी, जिला मी लहानपणी एकदाच भेटलो. दुसरी बाबांची आई, जी मी शाळेत असतानाच गेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. पण आईच्या भाषेत आणि आपल्यात काही शब्द सारखे आहेत, कुठल्या कुठल्या गलबतांतून आलेले. तेवढ्यावर त्यांचं चाललेलं. ही विचारायची, "चाय?" ती म्हणायची, "चाय." मग ही माझ्याकडे बोट करून, "दवा?" आणि ती मान हलवून, "दवा, दवा." मी डाव्या बगलेने पळत त्यांच्या समोरून जायचो आणि दोघी एकदम पाय आवरून घ्यायच्या. या स्वप्नात मला कधी दम लागला नाही.

जाग आली की सुनीता सिस्टर असायची. लातूरची. "कसं वाटलालंय आता?" ती विचारायची, आणि मी काहीही सांगितलं तरी म्हणायची, "चांगलंय की मग." तिच्या त्या चांगलंय की मगवर मी पुष्कळ दिवस काढले.

आणि बाबा. त्यांना हृदयाच्या ऑपरेशननंतर वर यायची परवानगी नव्हती. ते रोज सकाळी खाली पार्किंगमध्ये येऊन उभे राहायचे, खिशातून रुमाल काढायचे आणि मैदानाच्या कडेच्या लाइनमनच्या झेंड्यासारखा वर धरायचे. त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळायचं नाही, ते कबड्डीचे. मग मला फोन लावायचे. "आज काय हाय रं? ऑफसाइड?" मी वरून म्हणायचो, "नाही बाबा, कॉर्नर." ते रुमाल कोपऱ्याकडे न्यायचे. पार्किंगचा वॉचमन सुरुवातीला त्यांना हाकलायचा, नंतर तोही रुमाल काढायला लागला.

पिशवी

मला वाटलं होतं मोठं ऑपरेशन असेल. प्रत्यक्षात सिस्टरने रक्ताच्या पिशवीसारखी एक पिशवी आणून स्टँडला टांगली. त्यात आई होती. "इतकंच?" मी विचारलं. "इतकंच की," सिस्टर म्हणाली.

आई खालच्या मजल्यावर, कमरेत कळा सोसत पडली होती. तिचा फोन स्पीकरवर ठेवला होता. तिच्या भाषेत आजारी माणसाला, दमलेल्याला, ठेच लागलेल्याला सगळ्यांना एकच शब्द म्हणतात, पोले. म्हणजे तुला होतंय ते मला कळतंय, असं काहीतरी. आपल्याकडे याला नेमका शब्द नाही, आपण चुकचुकतो. पिशवी संपेपर्यंत आई फोनवर म्हणत राहिली, "पोले, माझी बाळ, पोले, पोले." मी ऐकत ऐकत झोपलो. उठलो तर समोर ताटलीत फडक्यात गुंडाळलेली गरम पोळी. सिस्टर म्हणाली, "तुमच्या आई किती वेळ पोळी पोळी म्हणलाल्या होत्या. म्हटलं लेकराला द्यावी." मी तिला खरं सांगितलं नाही. पोळीचे दोन घास खाल्ले, तेवढेच गेले.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. तोंडात फोड, ताप, पोटात काही ठरत नाही. एका दुपारी मला अगदी शांतपणे वाटलं, की झालं. भीती आधी होती, तेव्हा नव्हती, आणि भीती नाही याचीच मला नंतर भीती वाटली. ट्रेलर चालले होते, ऊन चमकत होतं, म्हाताऱ्या तांदूळ निवडत होत्या. समुद्रातून बॉल परत आला आणि माझ्या पायाशी थांबला. मला तो मारायचा होता. पाय उचलत नव्हता. मी सगळा जोर लावला, आणि पलंगाच्या कठड्याला लाथ बसून जागा झालो. नख दुखत होतं. दुखल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नाही.

पुढे कधीतरी सकाळी मॅडम आत आल्या. झाकलेल्या तोंडावरचे डोळे हसत होते. रक्ताचे आकडे वर यायला लागले होते. मी बाबांना फोन केला. ते खालीच होते, रुमाल हातात. मी म्हटलं, "बाबा, गेट उघडलं." त्यांनी रुमाल वर धरला नाही. तोंडाला लावला.

जाते

घरी सोडायच्या आधी मॅडमनी एक गंमत सांगितली. माझा रक्तगट बदललाय. जन्मल्यापासून बाबांचा होता, आता आईचा झाला. कारखाना तिचा, त्यामुळे मालही तिचा. मी थक्क झालो. आयुष्यभर लोक विचारत आले, तू नक्की कुठला, आणि मी अर्धा-अर्धा म्हणत आलो. आता माझ्या नसांतून टांगा वाहतंय. बाबांना हे कसं सांगायचं, याचं मला दडपण आलं.

आईनेच सांगितलं.  बाबा म्हणाले, "म्हंजी पोरगा सगळा सासरवाडीला गेला म्हणायचा."

"रक्त माझा आहे," आई म्हणाली, "पण नखरे सगळी तुमच्या."

निघायच्या दिवशी मंदाआत्या आली होती. ती त्या व्हरांड्यातल्या बोलण्याबद्दल एक अक्षर बोलली नाही, आईही नाही. आत्याने आईची पिशवी घेतली, तिच्या कमरेला हात लावून तिला चालवत आणलं. दाराशी सुनीता सिस्टर आणि मावशी उभ्या होत्या. आईने हात जोडले आणि म्हणाली, "येते हं."

सिस्टर किंचाळली, "येते नका म्हणू हो!"

आई गोंधळली. लग्न होऊन घरात आली तेव्हा निघताना ती साधेपणाने "जाते" म्हणायची आणि सगळे दचकायचे. आत्यानेच तिला शिकवलं होतं, जाते म्हणू नये, अशुभ असतं, येते म्हणावं. इतकी वर्षं तिने ते इमानाने पाळलं होतं. तिने आत्याकडे बघितलं.

"दवाखान्यातून निघताना येते नाही म्हणायचं, नीमा," आत्या म्हणाली.  "आज जाते म्हण."

"जाते," आई म्हणाली. मग अजून जोरात, "जाते! आम्ही सगळी जाते!" सिस्टर हसत सुटली. आत्या आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि आई तिला थोपटत म्हणत होती, "पोले, ताई, पोले."

रविवार

घरी आल्यावर बरं वाटतं असं लिहायचा मोह होतो. पण नंतरचं वर्ष मला जास्त जड गेलं. जंतू लागू नयेत म्हणून कायम मास्क. कच्चं काही नाही, कोशिंबीर नाही, बाहेरचं नाही. गॅलरीतल्या कुंड्या गेल्या. गल्लीतला कुत्रा, ज्याला मी रोज बिस्किटं घालायचो, त्याला आई काठी दाखवायची. क्लबचा करार संपला. त्यांनी लवकर बरा हो म्हणून फुलं पाठवली, तीही घरात घेता आली नाहीत. आणि सगळे माझ्याशी हळू बोलायला लागले. दुकानदार, शेजारी, जुने मित्र. मी जिन्यात दिसलो की लोक भिंतीला चिकटून मला वाट द्यायचे. हे प्रेमच होतं. पण त्यात मला श्वास घ्यायला जागा नव्हती. तुमच्या घरी असं कुणी असेल तर त्याला अधूनमधून ओरडत जा, एवढं माझं ऐका.

मॅडमनी शेवटी परवानगी दिली. खेळ, पण बेताने. शाळेपासूनचा मित्र संतोष चाकणला एका कंपनीत आहे, त्यांच्या टीमचा कॅप्टन. रविवारी दुसऱ्या कंपनीशी मैत्रीचा सामना होता. तो म्हणाला, ये. आईबाबा आले, आत्या पातळ ताकाचा थर्मास घेऊन आली.

मी बूट बांधले. मैदानात पाय टाकला. वाळकं गवत, पलीकडे प्लांटची पांढरी भिंत. पहिला बॉल आला, मी घेतला, आणि समोरचा बचावपटू बाजूला झाला. दुसऱ्या वेळी दोघं बाजूला झाले. मी पळतोय आणि माणसं धुरासारखी विरतायत. त्या खोलीत स्वप्नात खेळायचो अगदी तसंच, फक्त इथे दम लागत होता. मी गोलपर्यंत चालतच गेलो म्हणा. गोलकीपरने चुकीच्या बाजूला उडी घेतली, तीही उशिरा. गोल झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, समोरच्या टीमनेसुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मध्यंतरात मी संतोषला गाठलं. "काय सांगितलंस त्यांना?"

तो बुटाची नाडी सोडून परत बांधायला लागला. "काही नाही रे. जरा सांभाळून घ्या म्हटलं."

मला बूट काढावेसे वाटले. इथून पुढे हे असंच असेल तर आपलं संपलं, हे मला त्या ऊन-सावलीत बसून स्वच्छ दिसलं. जगायचं बघून झालं होतं. खेळायचं काही दिसत नव्हतं. आत्याने ताक दिलं ते मी प्यालो आणि केवळ आई बघतेय म्हणून परत उतरलो.

दुसऱ्या हाफला त्यांच्याकडून एक नवा गडी आला. पहिली शिफ्ट संपवून थेट आला होता, अंगात कंपनीचीच पँट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्याला कुणी काही सांगितलं नसावं. मी बॉल घेऊन वळलो आणि तो कुठून आला मला दिसलंच नाही. माझे दोन्ही पाय हवेत गेले आणि मी पाठीवर आदळलो.

वर आभाळ होतं, पार रिकामं. कुठेतरी बाबा ओरडत धावत येत होते. संतोष त्या गड्याची कॉलर धरायला निघाला होता. आणि तो माझ्या डोक्याशी उभा राहून कमरेवर हात ठेवून म्हणत होता, "ऊठ की राव! धक्का बी लागला न्हाई आन् काय नाटकं करतोय? ओ रेफ्री, ह्यो मुद्दाम पडलाय!"

 मी पडल्या पडल्या ऐकत होतो. वर्षभर सगळं जग माझ्याशी दबक्या आवाजात बोलत आलं होतं, आणि हा गडी मला तोंडावर लबाड म्हणत होता. मला रडू आलं. ते धुळीचं निमित्त करून पुसलं. मग उठलो, चड्डी झटकली, आणि आईबाबांदेखत, आत्यादेखत त्याला अशी एक सणसणीत शिवी हासडली, की पंच पळत आले, खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि मला दाखवलं.